एका गावाचे फोटो

वॉशिंग्टनला आलेले आपले पाहुणे व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल आणि एअर अँड स्पेस म्युझियम पाहून खूष होतात. वॉशिंग्टन मॉन्युमेंटपासून चालत जाता येईल इतक्या जवळचं होलोकॉस्ट म्युझियम मात्र बहुतेकांच्या यादीत नसतं. "चार दिवस फिरायला आलोय, त्यात हे कशाला?" असं मी कितीदा तरी ऐकलंय. तरी जमेल त्याला मी तिथे नेतोच.

एप्रिल १९९३ मध्ये हे संग्रहालय उघडलं. त्याचे वास्तुशिल्पी जेम्स इंगो फ्रीड स्वतः लहानपणी, १९३९ साली, जर्मनीतून सुटून अमेरिकेत आलेले. इथे पाहणाऱ्याच्या हाती पासपोर्टसारखी एक छोटी पुस्तिका येते. तिच्यात त्या काळातल्या एका खऱ्या माणसाची हकिगत असते. लिफ्टने चौथ्या मजल्यावर जायचं आणि पाहत पाहत खाली उतरायचं. ६० लाख हा आकडा डोक्यात मावतच नाही; पण आपल्या हातातल्या त्या एकाचं पुढे काय झालं, हे मात्र आपण शोधत राहतो.

मायदानेक छावणीतले हजारो बूट तिथे आहेत. पण माझे पाय अडतात ते फोटोंच्या मनोऱ्यापाशी. तीन मजले उंच भिंती आणि त्यांवर एशिशोक नावाच्या एकाच गावातली माणसं. लग्नाचे, सहलीचे, शाळेतल्या वर्गाचे फोटो. आपल्या आजोळच्या अल्बममध्ये असतात ना, अगदी तसेच. आज हे गाव लिथुएनियात आहे. तिथली ज्यू वस्ती सुमारे ९०० वर्षांची. सप्टेंबर १९४१ मध्ये ती दोन दिवसांत गोळ्या घालून संपवली. मारणारे फक्त जर्मन नव्हते, स्थानिक मदतनीसही होते. वाचलेल्यांपैकी याफा एलियाख या बाईंनी पुढे देशोदेशी हिंडून हे फोटो जमवले. त्यांत एकही प्रेत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतात.

ही शिकवण फक्त शाळेच्या सहलींपुरती राहिलेली नाही. १९९८ साली वॉशिंग्टनचे पोलीसप्रमुख चार्ल्स रॅमसी संग्रहालय पाहायला आले आणि तिथल्या फोटोंतले साधे गणवेशातले पोलीस पाहून अस्वस्थ झाले. १९९९ पासून पोलिसांसाठी खास वर्ग सुरू झाले. हुकूम आला म्हणून यादी करणारा, दार ठोठावणारा शिपाई नसता तर हे सगळं घडलंच नसतं, हा त्यातला मुद्दा.

आपण मराठी माणसं यावर पटकन म्हणतो, "आमच्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही." ते खोटं नाही. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षं आपल्यातलेच होऊन राहिले, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे "शनवार तेली" म्हणून. आकाशवाणीची जी धून ऐकत आपल्या पिढीची सकाळ उजाडली, तिचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर कॉफमन हे १९३४ साली युरोपातून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार.

पण त्याच मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर "माइन काम्फ" बिनदिक्कत विकलं जातं. कडक मास्तरांना आपण कौतुकाने "हिटलर" म्हणतो. "काही म्हणा, पण शिस्त होती हो!" हे वाक्य मी इथल्या गणपतीत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. शेजारी त्यांचा सातवीतला नातू बसला होता, नुकतंच शाळेत अ‍ॅन फ्रँक वाचलेला. तो आजोबांकडे नुसता बघत राहिला. आपण सहज बोलून जातो, पण इथे वाढणारी मुलं ते ऐकत असतात. उद्या वर्गात कुणी त्यांना विचारलं, तर त्यांनी सांगायचं काय?

म्हणून येत्या सुट्टीत अर्धा दिवस काढाच. प्रवेश फुकट आहे, पण कायम प्रदर्शनासाठी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. अकरा वर्षांखालच्या मुलांना ते दाखवू नये, असं संग्रहालयच सुचवतं. मुलं मोठी असतील तर बरोबर आजी-आजोबांनाही न्या.