टेप कोणाच्या हातात?

विश्रांतवाडीच्या शेजारी, येरवडा भागातल्या नागपूर चाळ, शीला साळवे नगर, मदर तेरेसा नगर अशा वस्त्यांत २००९ नंतर गल्ल्या जागच्या जागी ठेवून कच्च्या घरांऐवजी पक्की घरं बांधली गेली. शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या ‘बीएसयूपी’ योजनेतलं हे काम. वास्तुविशारद प्रसन्न देसाई, आणि वस्तीशी बोलणी करायला स्पार्क संस्था आणि ‘महिला मिलन’च्या बायका. घर २७० चौरस फुटांचं, खर्चातला दहा टक्के वाटा रहिवाशाचा. जागा अपुरी पडली तर घर वर चढवायचं, शेजाऱ्यांचं जमलं तर दोघांनी जागा एकत्र करायची. आधीचं पक्कं घर असेल त्याला हात लावायचा नाही. हे सारं ठरवण्याआधी घरोघर मोजणी झाली, तीही वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन. मला आराखड्याहून ही मोजणी मोलाची वाटते. तिची वंशावळ मात्र फारशी सोज्वळ नाही.

१८९७च्या प्लेगात प्लेग-अधिकारी रँडचे सोजीर पुण्यात घराघरांत शिरून रोगी हुडकत होते. त्या झडतीचा राग २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांच्या पिस्तुलातून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचा उपाय एकच : दाट वस्ती पाडा, रुंद रस्ता काढा.

१९१४ साली हिंदुस्थानात आलेल्या नगररचनाकार पॅट्रिक गेडीजला हा उपाय रोगाहून वाईट वाटला. तो गावं पायी हिंडे आणि चार-दोन पडकी घरं काढून वाट मोकळी करा, बाकीची राहू द्या, असं सुचवी. होळकरांच्या इंदुरात तर एक दिवसाचा ‘महाराजा’ होऊन त्याने दिवाळीत मिरवणूक काढली, त्यात प्लेगचा भलाथोरला उंदीरही होता. ज्या भागात साफसफाई चांगली तिथून मिरवणूक जाणार, अशी अट. (लोकसहभागाचा इतका झोकदार प्रयोग आपल्या एकाही महापालिकेला सुचलेला नाही.) तरी नोंदवही गेडीजच्याच काखेत राहिली.

१९७६च्या जानेवारीत मुंबईत एका दिवसात झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास आले. यादीत नाव असेल तोच माणूस, नसेल तो अतिक्रमण. फूटपाथवरचे तर कुठल्याच यादीत नव्हते. १९८५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण नोटीस देऊन हटवायची मुभा पालिकेला ठेवली. मोजणीच्या गोष्टीला वळण आलं ते इथे. भायखळ्याच्या आसपासच्या फूटपाथांवर स्पार्क संस्थेने तिथल्याच लोकांना घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद केली. पुढच्या वर्षी तिथल्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. पुण्यात १९९९नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतल्या शौचालयांचं काम संस्थांकडे दिलं, तेव्हा या मंडळींचा महापालिकेत राबता सुरू झाला. येरवड्याचं काम त्यातूनच पुढे आलं.

कायद्यातला सहभाग वेगळ्या वाटेने आला. १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा आधी तयार होतो, मग हरकती-सूचना मागवतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. २०१५मध्ये तो शासनाने महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि ५ जानेवारी २०१७ला मंजूर केला. एवढे अर्ज लिहिणाऱ्यांची मेहनत खोटी नव्हती, पण रेघा आधीच मारून झाल्या होत्या.

येरवड्यातही सगळं गोड नव्हतं. काम रेंगाळलं, बांधकाम चालू असताना कुटुंबांना दुसरीकडे भाड्याने राहावं लागलं. आपली माणसं मोजत असली तरी पात्रतेच्या कागदाची अट सरकारचीच असते.

आता विश्रांतवाडी, धानोरी, कळस भागात पुनर्विकासाची बोलणी निघाली की विकसक आधी संमतीपत्र पुढे करतो. सही करण्यापूर्वी रहिवाशांची यादी आणि घराचं माप लेखी मागून घ्या, आणि ते माप स्वतः टेप लावून तपासा.