नांगर धरणाऱ्याचे नाव

इंग्लंडमधल्या एखाद्याला आपला शेतकरी खापरपणजा शोधायचा असेल, तर तो आधी चर्चच्या वह्यांकडे वळतो. टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम काढला. १८३७ मध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि १८४१ च्या जनगणनेपासून घरातल्या साऱ्यांची नावे लिहिली जाऊ लागली. ते तक्ते आज कोणालाही पाहता येतात. वीतभर जमीन नसलेला मजूर, त्याची बायको, तान्हे मूल, सगळी तिथे नावानिशी भेटतात.

आपल्याकडे अशी वही नाही. जनगणनेचे घरोघरचे तक्ते १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहेत. राज्यकर्त्यांना हवा होता तो सारा, म्हणून त्यांनी लिहिली ती जमीन. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याचा पूर्वज शोधायचा तर शेताच्या बांधावरूनच जावे लागते.

पहिला प्रश्न कचेरीचा. आजचा सांगली जिल्हा जुन्या कागदांत नाही. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली ठेवले गेले. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्याआधी सातारा जिल्ह्यातले. सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने, तर आटपाडी औंध संस्थानात. पणजोबाचे गाव तेव्हा कोणाच्या अंमलाखाली होते हे ठरल्याशिवाय दप्तर कुठे मागायचे ते कळत नाही.

त्यानंतर सातबारावरून मागे चालायचे. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. खातेदार वारला की वारसांची नोंद इथे पडते, त्यामुळे एकेक फेरफार म्हणजे वंशावळीची एकेक पायरी. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना चौदा. त्यात जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात, जात असते, मृत्यूचे कारणही असते. प्लेगची आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साल आली की पाने भराभर भरलेली दिसतात. लिपी बहुधा मोडी, म्हणून मोडी शिकल्यावाचून हे काम पुढे सरकत नाही.

इंग्रजी अमलाच्या मागे गेले की पुण्याचे पेशवे दफ्तर. तिथल्या गावझाड्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी दिसतात. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, म्हणून त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उपरी आज या गावात, तर उद्या दुसऱ्या. त्याचा माग तिथेच तुटतो. सांगली-कोल्हापूरकडे अशा वेळी हेळव्याची वही उपयोगी पडते. गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारा हा माणूस कुळाचे मूळ गावही सांगतो. त्याचे बोलणे कागदाशी ताडून पाहावे, पण ऐकल्याशिवाय सोडू नये.

या कागदांत जे सापडत नाही तेही वाचता आले पाहिजे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसली की समजावे, हा एकत्र कुटुंबाचा कर्ता. त्याच्या नावामागे धाकटे भाऊ उभे आहेत. नांगर त्यांनीही धरला, पण खात्यावर ते नाहीत. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ येतो आणि बापाचे नाव मिळते. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ येतो आणि नवऱ्याचे. तिचा बाप कोण, माहेर कोणते, याला रकानाच नाही. बहिणी पुढे दिसतात त्या बहुधा ‘इतर हक्क’ या रकान्यात. खापरपणजीपर्यंत पोचलो तरी तिच्या पलीकडची वाट बंद असते.

हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कोतवाल बुकांवरची धूळ झटकली गेली. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा एक शब्द नातवाच्या प्रवेशाचा प्रश्न ठरला. मात्र नोंद सापडणे हे निम्मेच काम. त्या माणसापासून आपल्यापर्यंतचा प्रत्येक दुवा सिद्ध करावा लागतो, आणि दुवा तुटतो तो नेमका धाकट्या भावापाशी, उपऱ्यापाशी, जमीन नसलेल्यापाशी. एकाच भावकीत कोणाला वंशावळ जुळते, कोणाला जुळत नाही. अशा वेळी कागदात नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा काढणे अन्यायाचे होईल. सारा ज्याच्या नावावर होता त्याचे नाव कागदाने जपले. घाम गाळणाऱ्या बाकीच्यांची नावे घरात अजून कोणाला आठवत असतील, तर ती आजच लिहून ठेवावीत. वही कोरी आहे, आणि सांगणारी माणसे थकत चालली आहेत.