त्रिनिदाद आणि टोबॅगो : ऊर्जाक्षेत्र

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाचे, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किमी. अंतरावरचे द्वीपराष्ट्र. क्षेत्रफळ ५,१२८ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १४ लाख, म्हणजे साधारण गोव्याएवढी. ‘तेलाचा देश’ ही त्याची जुनी ओळख आता अपुरी पडते. गेली काही दशके देशाचा संसार मुख्यतः नैसर्गिक वायूवर चालतो आणि आजची त्याची चिंताही वायूचीच आहे.

भूगर्भातल्या या संपत्तीची खूण जमिनीवरच दिसत होती. नैर्ऋत्य त्रिनिदादमधील ला ब्रेआ येथे सुमारे ४० हेक्टरांचे नैसर्गिक डांबराचे तळे आहे. त्याच्या बऱ्याचशा पृष्ठभागावरून माणूस चालत जाऊ शकतो. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले याने इथल्या डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या. १८६० च्या दशकात वॉल्टर डार्वेंट याने आरिपेरो येथे तेलविहीर खोदली, पण भांडवलाअभावी काम थांबले. १९०२ मध्ये रँडॉल्फ रस्ट याने चिनी वंशाचे व्यापारी जॉन ली लम यांच्या पैशावर ग्वायाग्वायारेच्या जंगलात तेल काढले. व्यापारी उत्पादन १९०८ पासून धरतात. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळल्यावर या वसाहतीचे महत्त्व एकदम वाढले.

तेलाचा पैसा बाहेर जात होता आणि विहिरींवर राबणाऱ्यांच्या वाट्याला तुटपुंजी मजुरी व वर्णभेद येत होता. १९ जून १९३७ रोजी तेलकामगारांचा संप सुरू झाला. त्याचे नेते युराया बटलर यांना पकडण्याचा प्रयत्न होताच फिझाबाद येथे दंगल उसळली आणि संप बेटभर पसरला. त्यातूनच तेलक्षेत्र कामगार संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष अ‍ॅड्रियन कोला रिएन्झी हे भारतीय वंशाचे. त्यांचे मूळ नाव कृष्ण देवनारायण. तेलात बहुसंख्य आफ्रिकी वंशाचे मजूर, उसात बहुसंख्य भारतीय वंशाचे, आणि दोन्हीकडच्या संघटनांचे नेतृत्व एकाच माणसाकडे, ही गोष्ट या देशाच्या इतिहासात फार मोलाची आहे. १९ जून हा तेथे कामगार दिन म्हणून पाळला जातो. तेलाच्या रिकाम्या पिंपांचे बूड ठोकून घडवलेले स्टीलपॅन हे राष्ट्रीय वाद्यही याच देशात जन्मले.

१९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७० च्या दशकात पूर्व किनाऱ्याजवळच्या समुद्रातील क्षेत्रांमुळे उत्पादन वाढले आणि १९७८ मध्ये दिवसाला सुमारे २ लाख ३० हजार पिंपांवर पोचले. ती उंची पुन्हा गाठता आली नाही.

याच काळात पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या सरकारने एक धाडसी निर्णय घेतला. तोवर वायूचा मोठा भाग विहिरीवरच जाळून टाकला जाई. तो नळाने आणून पॉइंट लिसास येथील उसाच्या जमिनीवर पोलाद, अमोनिया आणि मिथेनॉलचे कारखाने उभारायचे ठरले. १९७५ मध्ये राष्ट्रीय वायू कंपनी स्थापन झाली. पुढे एवढासा देश अमोनिया व मिथेनॉलच्या जगातील आघाडीच्या निर्यातदारांत गणला जाऊ लागला. १९९९ मध्ये पॉइंट फोर्टिन येथून द्रवरूप वायूची निर्यात सुरू झाली, आणि २००५ पर्यंत तेथे द्रवीकरणाचे चार संच उभे राहिले. तेल-वायूच्या वाढीव उत्पन्नातून बचत व्हावी म्हणून २००७ मध्ये वारसा व स्थिरीकरण निधी कायद्याने स्थापन झाला.

कारखाना मोठा आणि कच्चा माल कमी, ही या क्षेत्राची खरी दुखरी जागा. पॉइंट-अ-पिएर येथील जुना तेलशुद्धीकरण कारखाना सरकारने १९८५ मध्ये टेक्साकोकडून घेतला. पण देशातले तेल घटत गेल्याने तो चालवण्यासाठी बहुतांश कच्चे तेल आयात करावे लागे. तोटा आणि कर्ज वाढत गेले आणि २०१८ च्या अखेरीस हा कारखाना चालवणारी पेट्रोट्रिन ही सरकारी कंपनी बंद झाली. सुमारे ५,००० नोकऱ्या गेल्या. दक्षिण त्रिनिदादमध्ये कित्येक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी त्या कारखान्यावर होती.

वायूच्या बाबतीतही तेच घडू लागले आहे. २०१० च्या सुमारास दिवसाला ४ अब्ज घनफुटांवर असलेले उत्पादन आता ३ अब्जांच्या खाली आले आहे. द्रवीकरणाचा पहिला संच वायूअभावी २०२० पासून बंद आहे. वीजही जवळजवळ सगळी वायूवरच तयार होते, त्यामुळे घरातला दिवा आणि निर्यातीचे जहाज एकाच नळावर अवलंबून आहेत.

नवा वायू सागरी सीमेजवळ आहे. मॅनटी क्षेत्राच्या विकासाचा निर्णय शेल कंपनीने २०२४ मध्ये घेतला. व्हेनेझुएलाच्या हद्दीतील ड्रॅगन क्षेत्राची वाट मात्र वॉशिंग्टनमधून जाते: व्हेनेझुएलावरील निर्बंधांतून अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये सवलत दिली, एप्रिल २०२५ मध्ये ती काढून घेतली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिली. दरम्यान, ब्रेचिन कॅसल या जुन्या साखर कारखान्याच्या परिसरात देशातला पहिला मोठा सौरऊर्जा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याची क्षमता सुमारे ९२ मेगावॉट आहे.