जुहूच्या किनाऱ्यावरचे मुक्काम

दिवाळीनंतर गावोगावच्या शाळांच्या सहली मुंबईस येऊ लागतात. राणीचा बाग, गेटवे ऑफ इंडिया, विमानतळावरून उडणारी विमाने आणि शेवटी जुहूचा समुद्र, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकबंधुभगिनींनी अशी सहल कधी ना कधी काढलीच असेल. मी अंधेरीस राहतो. संध्याकाळी जुहूवर फिरायला गेलो, की मुलांचे हे घोळके दिसतात. समुद्र प्रथमच पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहणे, हा माझा जुना छंद आहे.

अशाच एका संध्याकाळची गोष्ट. एका मोठ्या हॉटेलाच्या कुंपणाबाहेर, ओल्या वाळूच्या कडेला चाळीसेक मुले डबे सोडून बसली होती. कुंपणाआडून एक पहारेकरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, मुलांना पुढे न्या. इथे बसायचे नाही." गुरुजी बिचारे भले गृहस्थ. परका मुलूख, सोबत पोरे. त्यांनी निमूटपणे डबे उचलायला लावले. जाता जाता एका मुलाने विचारले, "गुरुजी, वाळू पण त्यांचीच का?" गुरुजींनी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मी दहा पावलांवर उभा होतो, इतिहास शिकवतो म्हणून पगार घेतो, आणि मीही काही बोललो नाही. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज आपणांस सांगतो.

आधी 'हॉटेल' या शब्दाचेच पाहा. आपल्याकडे खेड्यात हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचे दुकान. मुक्कामासाठी आपले शब्द वेगळे होते: धर्मशाळा, सराई, मुसाफरखाना. धर्मशाळा कोणीतरी पुण्य म्हणून बांधी, आणि ती असे क्षेत्राच्या ठिकाणी, घाटाच्या पायथ्याशी किंवा वेशीजवळ. केवळ समुद्र पाहायचा म्हणून पैसे मोजून समुद्राकाठी राहायचे, ही कल्पना आपल्या वाडवडिलांना चमत्कारिक वाटली असती. समुद्र हे पोटापाण्याचे ठिकाण. खारे वारे, तुफाने आणि चाचे यांचेही ठिकाण. हौसेने तेथे कोण राहील?

जुहूला मात्र माणसे राहत होती, आणि ती हौसेने राहत नव्हती. कोकणात खाडीतल्या लहानशा बेटाला जुवे म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचेच 'जुवेम' केले. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुहू हे साष्टी बेटाच्या पश्चिमेला लागून असलेले वाळूचे एक अरुंद बेटच होते. ओहोटी लागली, की मधला चिखल तुडवून पलीकडे जाता येई. तेथे कोळी मासे मारीत, आगरी आणि कुणबी शेती करीत, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली इथलीच कुटुंबे राहत, आणि भंडारी लोक माडा-ताडांवर चढून माडी-ताडी काढीत.

साष्टीवर राज्ये पुष्कळांनी केली. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. 1737 साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई सर केली. 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रज आले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने येथे कायम झाले. धनी बदलले, तरी कोळ्याची होडी आणि भंडाऱ्याचा कोयता तोच राहिला. भंडाऱ्यांच्या पोटावर खरा घाव बसला तो तोफेने नव्हे, कायद्याने. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याखाली झाडांवरचे कर आणि परवान्यांची बंधने वाढली, आणि पुष्कळांना पिढीजात धंदा सोडावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, अबकारी कायदा बहुधा नसतो. आपण शिकवताना तो अवश्य सांगावा.

आता जुहूला पाहुणा केव्हा आला ते पाहू. मुंबई शहरात विलायती धर्तीची मोठी हॉटेले एकोणिसाव्या शतकात निघाली. काळ्या घोड्यापाशी वॉटसनचे हॉटेल 1860 च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून येथे जोडला होता. 1896 च्या 7 जुलैला ल्युमिए बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, ती याच हॉटेलात. परंतु ते हॉटेल गोऱ्या लोकांसाठी होते. जमशेटजी टाटांना तेथे मज्जाव झाला आणि त्या रागाने त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी गोष्ट आपण ऐकली असेल. गोष्ट गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. जमशेटजींनी ताजमहाल हॉटेल बांधले आणि ते 1903 च्या 16 डिसेंबरला उघडले, एवढे मात्र निश्चित. देशी माणसाने समुद्राकाठी उभारलेल्या त्या भव्य हॉटेलात देशी पाहुण्यालाही मानाने उतरता येऊ लागले. पैसा असला तर, एवढी अट राहिलीच!

याच जमशेटजींचे लक्ष जुहूकडेही गेले होते. 1890 च्या दशकात त्यांनी तेथे जमीन घेऊन बंगला बांधला. जुहूतारा येथे शेकडो एकर जमिनीवर एकेक एकराचे तुकडे पाडून समुद्रकाठची वसाहत करावी, आणि माहीमचा रस्ता सांताक्रूझपर्यंत आणावा, असा त्यांचा बेत होता. 1904 साली ते वारले आणि बेत बारगळला. पण कल्पना मेली नाही. रेल्वे दाराशी आलीच होती. हळूहळू शहरातल्या धनिकांचे बंगले नारळीच्या बनांत दिसू लागले. कोळ्या-भंडाऱ्यांचे जुहू आता 'हवा खाण्याचे' ठिकाण झाले.

या हवा खाणाऱ्यांत एक पाहुणा असा आला, की त्याच्यामुळे जुहूचे नाव देशभर झाले. 1924 च्या जानेवारीत पुण्याच्या ससून इस्पितळात महात्मा गांधींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत सरकारने त्यांना तुरुंगातून सोडले. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी नरोत्तम मोरारजींच्या जुहूच्या बंगल्यात येऊन राहिले. विश्रांती कसली! मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास तेथेच आले, आणि कायदेमंडळात जावे की न जावे यावर त्या वाळूत दिवसचे दिवस खल झाला. पुढे 1944 साली कस्तुरबा आगाखान पॅलेसमधील बंदिवासात वारल्या. 6 मे रोजी गांधीजी सुटले आणि ते पुन्हा जुहूलाच आले. आजारी, एकटे पडलेले, कित्येक दिवस मौन पाळणारे गांधीजी त्या किनाऱ्याने पाहिले. विजय भट्टांचा 'रामराज्य' हा चित्रपट त्यांनी पाहिला तोही याच मुक्कामात.

या दोन मुक्कामांच्या मध्ये 1930 साल येते, आणि आपल्या मुलाच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. त्या एप्रिलात दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, आणि जुहूला लागून असलेल्या विलेपार्ल्यात जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाची छावणी पडली. कायदा तरी काय होता? समुद्राचे पाणी आटवून मूठभर मीठ केले, तर तो गुन्हा! समुद्र कोणाचा, हाच तो प्रश्न. देश त्या वर्षी हजारो तोंडांनी म्हणाला, की समुद्र सरकारच्या मालकीचा माल नव्हे. वाळूवर बसून डबा खाणाऱ्या मुलाचा प्रश्न त्याच घरचा आहे.

मधल्या काळात जुहूच्या खाजणात विमाने उतरू लागली होती. 1932 च्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, लहानशा विमानाने जुहूला उतरले. विमानतळ कसला, मातीची आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी! पावसाळ्यात मैदानात भरतीचे पाणी शिरे, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पण आकाशातून माणसे येऊ लागली, की त्यांना उतरायला जागा लागते. युद्धानंतर मोठी विमाने सांताक्रूझला आली. 1948 च्या 8 जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान लंडनला निघाले. समुद्र आणि विमानतळ दोन्ही हाताशी असलेले मुंबईतले ठिकाण एकच, ते म्हणजे जुहू. 1962 साली तेथे 'सन अँड सँड' हे समुद्राला लागून असलेले मोठे हॉटेल उघडले. पुढे आणखी हॉटेले झाली, सिनेमातल्या मंडळींचे बंगले झाले, आणि नारळीची बने पाहता पाहता विरळ झाली.

हे केवळ मुंबईत घडले असे मात्र समजू नका. तो काळच तसा होता. नवा स्वतंत्र झालेला देश जगाला आपले घर दाखवू पाहत होता, आणि घर दाखवायचे तर पाहुण्यांची खोली आधी सजवावी लागते. 1956 साली युनेस्कोची परिषद दिल्लीस भरली, तिच्यासाठी सरकारने अशोक हॉटेल बांधले. तीच हवा आफ्रिकेतही होती. आता आपल्या किनाऱ्यावरून थेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चला. तेथे लायबेरिया नावाचा देश आहे. अमेरिकेतून परत आलेल्या मुक्त गुलामांनी तो वसविला आणि 1847 साली स्वतंत्र म्हणून जाहीर केला. त्याची राजधानी मॉन्रोव्हिया. तेथे समुद्राला भिडलेल्या टेकडीवर 1960 साली 'डुकोर पॅलेस' हे टोलेजंग हॉटेल उघडले. त्याच्या गच्चीतून अटलांटिक महासागर दिसे. देशोदेशीचे पुढारी आणि व्यापारी तेथे उतरत.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी, वाळूच्या जिभेवर, वेस्ट पॉइंट नावाची दाटीवाटीची वस्ती आहे. क्रू आणि फांटी जमातींचे कोळी तेथे होड्या ओढतात. दरवर्षी समुद्र त्यांची काही घरे गिळतो. वर पाहुणा, खाली कोळी, समोर एकच समुद्र. जुहूला उभे राहून हे चित्र डोळ्यांपुढे आणणे आपल्याला मुळीच अवघड नाही.

पुढे काय झाले? 1989 साली ते हॉटेल बंद पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देशात यादवी सुरू झाली. दारे-खिडक्या, तारा, नळ, जे सुटले ते लोकांनी नेले. ज्या खोल्यांत मंत्री निजत, तेथे घरदार गमावलेली कुटुंबे चुली मांडून राहिली. 2007 च्या सुमारास सरकारने त्यांनाही बाहेर काढले. पाहुण्यांसाठी बांधलेला वाडा ओस पडला. खालचे कोळी मात्र होड्या लोटतच आहेत. आपल्याकडचे भंडाऱ्याचे झाड गेले, तरी जुहूच्या मोरागावात कोळीवाडा आहे आणि तेथून होड्या अजून समुद्रात जातात. पाहुणा येतो तसा जातो. यजमान जागा सोडून कोठे जाणार?

यावरून हॉटेल वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाहुण्याला जागा देणे हा आपला धर्मच आहे, आणि हॉटेलामुळे शेकडो घरांच्या चुली पेटतात. सांगायचे एवढेच, की मुक्कामाची खोली भाड्याने मिळते, समुद्र भाड्याने मिळत नाही. आणि ही नुसती भावना नव्हे, कायदा आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ राज्याच्या मालकीचा आहे. म्हणजे लाटा जेथवर येऊन जातात ती ओली वाळू कोणा खाजगी धन्याची होत नाही. 1991 च्या 19 फेब्रुवारीला केंद्र सरकारने किनारा नियमनाची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध घातले. 2011 आणि 2019 साली ते नियम बदलले, काही ठिकाणी सैलही झाले. पण किनारा हे कोणा एकाचे परसदार नव्हे, हे मूळ तत्त्व कागदावर आहे.

कागदावरचे तत्त्व माणसाच्या तोंडी आले नाही, तर ते कागदावरच राहते. त्या संध्याकाळी मला कलम ठाऊक होते आणि जीभ उचलली नाही. शिक्षकबंधूंनो, पुढच्या सहलीत आपण मुलांना जुहूवर आणाल, तेव्हा हॉटेलाकडे बोट दाखवून अवश्य सांगा, की येथे दूरदूरचे पाहुणे उतरतात. कोळीवाड्याकडे बोट दाखवून सांगा, की हे येथले जुने यजमान. मग ओल्या वाळूत मुलांना खुशाल बसवा. खाऊन झाल्यावर कागद आणि कचरा मात्र गोळा करायला लावा, कारण वाळू आपली म्हणायची तर ती झाडायचीही आपणच. आणि कोणी उठा म्हणालाच, तर शांतपणे, हात जोडून त्याला सांगा, "बाबा रे, ही सगळ्यांची आहे. तूही बैस."

त्या मुलाला हेच उत्तर हवे होते.