औंध येथील पाषाणशिल्प व त्याची इटालियन परंपरा

महाड-पोलादपूरचा प्रदेश इतिहाससंशोधकांस रायगडामुळें व पोलादपूर येथील कवींद्र परमानंदाच्या समाधीमुळें सुपरिचित आहे. तेथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर व सातारा या मार्गानें औंधास गेल्यास श्रीभवानी संग्रहालय लागतें. तें श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं स्थापिलें. रविवर्म्याच्या चित्रांबरोबरच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें 'माता व बालक' हें पाषाणशिल्प तेथें आहे.

त्यास केवळ विलायती म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. मूर १९२५ सालीं शिष्यवृत्ति घेऊन इटलीस गेला व फ्लोरेन्स येथें त्यानें मासाच्चोचीं भित्तिचित्रें अभ्यासिलीं. तत्पूर्वीं लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत प्राचीन मेक्सिकन शिल्पें त्यानें न्याहाळिलीं होतीं. मेक्सिकन पाषाणाचें घनत्व व इटालियन मातृमूर्तींचें गांभीर्य, हे दोन्ही प्रवाह त्याच्या कृतींत एकत्र आले, असें आमचें मत आहे.

पोथीच्या पुष्पिकेंत लेखकाचें नांव व शक सांपडतो. मूळ मातृका मात्र पाठावरूनच ताडावी लागते. शिल्पाचेंही तसेंच आहे. म्हणून संग्राहकांनीं कर्ता, काल व द्रव्य यांसह परंपराही नोंदावी. एरव्हीं वस्तु उरते, तिचा इतिहास लोपतो.