स्तनातलं इम्प्लांट : दहा-बारा वर्षांनी काय बदलतं?

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला आणि त्या जागी इम्प्लांट बसवलं, अशा बहिणी आपल्याही घरांत आहेत. अम्मी आणि शौहर सोडले तर बाकी कोणाला ते ठाऊकही नसतं. वर्षं जातात, फाइल कपाटात पडून राहते आणि इम्प्लांट जन्मभर टिकणार असं धरून चाललं जातं. तसं ते नसतं, म्हणून आम्ही हा विषय इथे घेतोय.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी. आत सिलिकॉनचं जेल असतं, नाहीतर सलाईनचं पाणी. शरीर या परक्या वस्तूभोवती पातळ पडदा तयार करतं. हे सगळ्यांतच होतं, त्यात बिघाड काही नाही. पण काहींच्या बाबतीत हा पडदा जाड होऊन आवळत जातो. छाती घट्ट लागते, मग आकार बदलतो, शेवटी दुखायला लागतं. डॉक्टर याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि त्याच्या चार पायऱ्या मोजतात. ज्या बाजूला रेडिएशन दिलेलं असतं तिथे याचं प्रमाण जास्त. तेल लावून जोरात मालिश करू नका. कडकपणा तर जात नाहीच, वर पिशवी फाटायची भीती.

पिशवी आपोआपही फाटते. सलाईनची असेल तर लगेच कळतं, ती बाजू काही दिवसांत बसते आणि पाणी शरीरात जिरून जातं. जेलची फाटली तर बऱ्याचदा काहीच कळत नाही, कारण जेल घट्ट असतं आणि बाहेरच्या पडद्यातच अडकून राहतं. हात लावून डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे की जेलचं इम्प्लांट असेल तर काही त्रास नसला तरी ऑपरेशननंतर 5-6 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, आणि पुढे दर 2-3 वर्षांनी.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे अनेक वर्षांनी अचानक एका बाजूला आलेली सूज. आत पाणी साचलेलं असतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण क्वचित तो एएलसीएल नावाचा लिम्फोमा असतो. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे. इम्प्लांटभोवतीच्या पडद्यात होणारा हा वेगळाच आजार, आणि तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमध्ये आढळतो. 2019 च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची खरखरीत इम्प्लांट्स याच कारणाने जगभरातून परत घेतली. ज्यांना त्रास नाही त्यांनी ती काढावीत असं मात्र एफडीएने सांगितलं नाही. आजार लवकर सापडला तर इम्प्लांट आणि पडदा दोन्ही पूर्ण काढल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून सूज आली तर ‘रमज़ान होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणत थांबू नये. साचलेलं पाणी काढून तपासायला सांगावं.

सगळेच बदल आजाराचे नसतात. वय वाढतं, वजन कमी-जास्त होतं, दुसऱ्या बाजूचा स्तन सैल पडतो आणि इम्प्लांट जिथल्या तिथे राहतं. मग दोन्ही बाजू जुळत नाहीत. त्यात घाबरण्यासारखं नाही.

‘हे जायज़ होतं का?’ हा प्रश्न मनात ठेवून काही जणी दवाखान्यातच जात नाहीत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2007 साली मलेशियातल्या पुत्रजया इथल्या बैठकीत, आजारामुळे काढलेला स्तन पुन्हा घडवणं जायज़ ठरवलं आहे. निव्वळ हौसेखातर केलेल्या ऑपरेशनबद्दल उलमांचं मत वेगळं आहे. पण ज्यांनी तेही केलंय त्यांची तपासणी टाळण्याचं काही कारण आम्हाला दिसत नाही. हया वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा, सोबत आपा किंवा खालाला न्या.

दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी चालू ठेवायची. ज्या स्तनात इम्प्लांट आहे त्याचीही करायची असेल तर टेक्निशियनला आधी सांगा, म्हणजे तो वेगळ्या पद्धतीने फोटो घेईल.

आणि ती फाइल आजच काढा. इम्प्लांटचं कार्ड शोधा. कंपनीचं नाव, सिरियल नंबर, जेल की सलाईन, गुळगुळीत की खरखरीत, सगळं त्यावर असतं. कार्ड सापडत नसेल तर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या.