भट्टीतले वेगळे न्हाणीघर आणि गिरणीतले बंद खाते

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम हे शहर आपल्या चळवळीतल्या लोकांना १९६३ सालामुळे माहीत असते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी इथल्याच तुरुंगातून पत्र लिहिले आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला इथल्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुलींचा बळी गेला. मी ते चर्च पाहायला म्हणून गेलो होतो. तिथे कोणीतरी सांगितले, स्लॉसची भट्टी पाहिल्याशिवाय परत जाऊ नका. गेलो, आणि अर्धा दिवस तिथेच गेला.

लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी, लोखंड गाळायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे हाताच्या अंतरावर. म्हणून १८७१ मध्ये हे शहर वसवले गेले. जेम्स स्लॉस याची भट्टी १८८२ मध्ये पेटली, ती सुमारे नव्वद वर्षांनी विझली. जागा पाडून टाकायचा विचार होता, पण गावकऱ्यांनी तो हाणून पाडला. १९८१ मध्ये तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला आणि १९८३ मध्ये संग्रहालय खुले झाले. आज तिथे दोन उंच भट्ट्या, गंजून तांबडे झालेले माणूस मावेल एवढे नळ आणि हवा फुंकणारी अजस्र चाकांची यंत्रे उभी आहेत. यंत्रे पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. पण आपण आंबेडकरवादी आहोत. आपण विचारणार, ही चाके फिरवली कोणी?

इथे काम करणारे बहुतांश मजूर काळे होते. वरती व्यवस्थापक, रसायनतज्ज्ञ, हिशेबनीस, इंजिनिअर, सगळे गोरे. तळाला मजुरांची टोळी, सगळी काळी. मधल्या कुशल कामांत दोन्ही रंगांची माणसे, पण जास्त पगाराची जागा गोऱ्याची. वितळलेले लोखंड वाळूच्या चरांत ओतायचे, थोडे निवले की घणाने फोडून त्याचे जड तुकडे उचलून गाडीत भरायचे, हे काम काळ्यांचे. १९३१ साली यंत्र आले तेव्हा ते थांबले. हजेरीचे घड्याळ वेगळे, न्हाणीघर वेगळे, कंपनीची सहलसुद्धा वेगळी! एकाच भट्टीची काजळी अंगावर घेऊन बाहेर पडणारी माणसे ती धुवायला मात्र वेगवेगळ्या बाजूला जात. आणि हे संग्रहालय लपवत नाही, सांगते.

त्याहून भयंकर गोष्ट भट्टीला कोळसा पुरवणाऱ्या खाणींची. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम चालेल अशी फट ठेवली. मग काळ्या माणसाने बेकार फिरणे हाच गुन्हा ठरला. त्याला पकडायचे, दंड भरता आला नाही की कैदी म्हणून खाणमालकाला भाड्याने द्यायचे. गुलाम मेला तर मालकाचे नुकसान व्हायचे, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा यायचा. १९११ मध्ये बॅनर नावाच्या खाणीत (ती दुसऱ्या कंपनीची) स्फोट होऊन १२८ जण मेले, त्यांत बहुतेक काळे कैदी. पद्धत चालूच राहिली. १९२४ मध्ये स्लॉस कंपनीच्या फ्लॅट टॉप खाणीत जेम्स नॉक्स नावाचा एक कैदी छळाने मेला. तो गोरा होता. तेव्हा मात्र राज्यभर ओरड झाली आणि १९२८ मध्ये ही पद्धत बंद पडली.

याच भट्टीवर अनेक वर्षे हॅलोविनला तिकीट लावून भुताटकीचा खेळ चालायचा. ज्या खाणींत खरोखर माणसे मेली, त्यांचे भूत कोणाला दिसले नाही.

आपल्याकडे हे नव्हते असे कोणी समजू नये. बर्मिंगहॅम वसले त्याच १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे तारेच्या कुंपणातून निघून कापड गिरण्यांत राबायला जात. आणि कुंपणाबाहेरच्या 'मोकळ्या' अस्पृश्याचे काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते त्याला बंद होते. कांडी संपली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून जास्त मजुरीचे खातेच त्याला बंद! ही बंदी घालणारे नुसते मालक नव्हते, लाल झेंड्याखालचे कामगारबंधूही होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो मागण्यांच्या यादीत आला.

१९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दुसरे उदाहरण दिले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते, म्हणून अस्पृश्याला पोर्टर करत नाहीत, तो आयुष्यभर गँगमनच राहतो. आमचे काही पुरोगामी मित्र आजही म्हणतात, कामगार तेवढा एक. मग धोटा एक का नव्हता? १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य सांगितले. त्या साम्याचा अर्थ मला स्लॉसच्या न्हाणीघराची हकीकत ऐकताना कळला.

आता मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचे चालले आहे. त्याच समूहाची सहा नंबरची गिरणी म्हणजे आपली इंदू मिल. तिथल्या स्मारकासाठी भीमसैनिकांना २०११ च्या ६ डिसेंबरला आत घुसून जागा ताब्यात घ्यावी लागली होती. काळाचौकीला साचे मांडाल, भोंगा वाजवून दाखवाल, लावणी आणि खानावळीचे देखावे कराल. जरूर करा. पण साच्याजवळ धोटा ठेवाल तेव्हा तो कोणाच्या तोंडाला लागत नव्हता, हे पाटीवर लिहिणार आहात का? ती पाटी कोण लिहिणार आणि त्या समितीत आपले किती लोक आहेत, हे आत्ताच, पाट्या रंगवायच्या आधी, विचारले पाहिजे.